थंड खोलीतली साक्ष

या हिवाळ्याच्या साक्षीचा नंबर धाकट्या सुनेचा होता, आणि तो कसा टळेल याच्या खटपटीत आई सोडल्या तर सगळं घर लागलं होतं.

रीत सासऱ्यांनी घालून दिलेली. ऋतू पालटून चांगला अंगात मुरला की एका रविवारी, उपासनेहून आल्यावर, चर्चच्या पाळकसाहेबांनाही बोलावून सगळ्यांनी पुढच्या खोलीत जमायचं. ज्याचा नंबर असेल त्याने उभं राहून सांगायचं की या ऋतूत देवानं माझ्याशी काय केलं. "देव चांगला आहे" एवढं म्हणून खाली बसायची सोय नव्हती. बाहेरचा ऋतू आणि आतला माणूस यांची गाठ घालून दाखवावी लागे. सासऱ्यांनी पानगळीवर दिलेली एक साक्ष ऐकून शेजारचा घड्याळजी डोळे पुसत घरी गेला होता म्हणतात, आणि तो गृहस्थ चर्चच्या घंटेला फक्त घड्याळ लावण्यापुरता मानणारा. सासरे गेले, रीत राहिली.

त्यांच्या मागे साक्षीचा खरा वारसा मधल्या भाऊजींकडे आला, निदान भाऊजींना तरी तसं वाटत असे. त्यांचं रंगाचं दुकान होतं. गिऱ्हाईक पांढरा डबा मागायला यायचं आणि निळे चार घेऊन जायचं, असं त्यांचं तोंड. घरात त्यांना 'कर्णा' म्हणत, अर्थात पाठीमागे. ऋतू कुठलाही असो, भाऊजींची साक्ष शेवटी वसंतातच जाऊन उतरायची. कळ्या फुटल्याच पाहिजेत, पाखरं गायलीच पाहिजेत, आणि ऐकणाऱ्यांनी आमेन म्हटलंच पाहिजे.

धाकटीपाशी मात्र वसंत नव्हता. गेल्या पानगळीत तिला मुलगी झाली. सकाळी झाली, आणि दुपार काही तिनं पाहिली नाही. धाकटी दवाखान्यातून परतण्याआधीच मधल्या ताईंनी, म्हणजे मधल्या भाऊजींच्या बायकोनं, पाळणा, दुपटी, सगळं आपल्या घरी नेऊन ठेवलं होतं. चांगल्या मनानंच. त्या दिवसापासून घरात कुणी त्या मुलीचं नाव काढलं नव्हतं. हेही चांगल्या मनानंच.

"नंबर तो नंबर," आई स्वयंपाकघरात कपबश्या पुसत म्हणाल्या. "हे गेले त्या उन्हाळ्यात माझा होता. मी चुकवला का?"

"तुमची गोष्ट वेगळी, आई. तुम्ही म्हणजे खडक," मधल्या ताई म्हणाल्या. "हिची जखम अजून ओली आहे. उभी राहायची आणि पाळकसाहेबांसमोर रडायची."

"पाळकसाहेबांनी रडणारी माणसं पाहिली नाहीत होय? त्यांचं कामच ते."

धाकटी ट्रे हातात घेऊन दारातच उभी होती. हल्ली घरात तिच्याबद्दल असंच बोललं जाई, तिच्यासमोर आणि तरी तिच्या पाठीमागे. त्याचा राग येत नव्हता तिला. ही माणसं तिची होती. ती ज्या घरातून आली तिथे कुणी कुणाला काही विचारत नसे. या घरात मात्र जेवताना कुणीतरी खिडकीबाहेर बोट दाखवायचं आणि म्हणायचं, बघा, त्या उघड्या फांदीवर पुढच्या सालच्या कळ्या आत्ताच बसल्या आहेत, देव असा आधीच तयारी करून ठेवतो. नवी नवरी असताना ते ऐकून तिचा घास हातात राहिला होता. या लोकांच्या डोळ्यांनी जग बघता यावं म्हणून ती या घराच्या देवावर आधी भाळली आणि मग त्याच्यावर विश्वास ठेवायला शिकली.

आणि आज तिला उभं राहून सांगायचं होतं की तो विश्वास गेला. तिनं ठरवलं होतं. मला प्रार्थना येत नाही, माझा नंबर कायमचा काढून टाका, एवढंच म्हणायचं. ते म्हटल्यावर या टेबलापाशी आपली खुर्ची राहील की नाही, याची तिला खात्री नव्हती. मधल्या ताई समजूत काढत राहतील, भाऊजी पुस्तकं आणून देतील, आणि आई? आईंचं काही सांगता येत नव्हतं.

नवऱ्यानं तिला जिन्यापाशी गाठलं. तो चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा, आणि पानगळीपासून घरातही तसाच वागत होता, बोटाचा ठसा उमटेल म्हणून कशालाच हात लावायचा नाही.

"दोन वाक्यं बोल आणि बस," तो हळूच म्हणाला. "देवाच्या कृपेनं सावरते आहे, म्हण. संपलं."

"सावरते आहे मी?"

"म्हणायला काय जातं?"

"तू सावरलास?"

त्यानं घड्याळाकडे पाहिलं. "दादा बोलावतोय. काहीतरी उचलायचंय म्हणाला," असं पुटपुटत तो खाली उतरला.

धाकटी मागच्या अंगणात गेली. तिथे थोरल्या ताई मधमाश्यांच्या पेट्यांपाशी होत्या. थोरले भाऊजी गेल्यावर पेट्या विकाव्यात असं सगळ्यांचं मत पडलं होतं. ताईंनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी नवऱ्याचे हातमोजे घालून पेट्यांपाशी उभ्या राहिल्या. त्यावर चर्चा अशी झालीच नाही. त्यांच्या स्वतःच्या साक्षीही तशाच, दोन वाक्यांत आटपणाऱ्या. घरात कुणी त्यांच्या साक्षीची आठवण काढत नसे, पण घरात काही बिनसलं की सगळ्यांचे पाय आपोआप मागच्या अंगणाकडे वळत.

गवतावर दंव पडलेलं होतं. ताईंनी एका पेटीला कान लावला, बोटाच्या पेरानं हलकेच टकटक केलं, आणि ऐकत राहिल्या. आतून एक गुंजन उठलं आणि निवलं.

"आहेत," त्या म्हणाल्या.

"उघडून का नाही बघत, ताई? एकदाची खात्री होईल."

"खात्री होईल आणि माश्या मरतील. आतली ऊब जाते ना. हिवाळ्यात यांना बघायचं नसतं गं, नुसता कान लावायचा." त्यांनी मोजे काढले. "मी पाळकसाहेबांना घेऊन येते. डोळ्यांत मोतीबिंदू आहे, पण कबूल करायचे नाहीत. मागच्या वेळी फाटकाऐवजी कुंपणातून आले." जाता जाता त्यांनी धाकटीच्या गालाला हात लावला. त्यांचा हात बर्फासारखा गार होता. "आज जे असेल ते बोल. नसेल ते बोलू नकोस."

आता मधल्या भाऊजींच्या मनात पाप नव्हतं, हे आधीच सांगून टाकलं पाहिजे. धाकटी तोंड बारीक करून हिंडते हे त्यांना बघवत नव्हतं. तिनं बोलायला उठण्याआधी तिला हुरूप यावा असं काहीतरी करावं, आणि ते नुसतं बोलून नव्हे, दाखवून करावं, असं त्यांच्या मनात आलं. दुकानात ते रंग भिंतीला लावून दाखवत, कागदावर नव्हे. थोरली वहिनी पाळकसाहेबांना आणायला गेली आहे, एवढी संधी पुरे होती. त्यांनी धाकट्या भावाला हाताशी धरलं, एक पेटी अलगद उचलून पुढच्या खोलीत आणली, टेबलावर ठेवली आणि वरून चांगला पांढरा टेबलक्लॉथ घातला. पेटी गारठली आहे हे बघून तिच्याजवळ हीटरही सरकवून ठेवला. तेवढीच बिचाऱ्यांना ऊब.

सगळे जमले तेव्हा बाहेर ऐन दुपारीच दिवा लावावा असं आभाळ होतं. पाळकसाहेब मधल्या खुर्चीत, आई त्यांच्या उजवीकडे, थोरल्या ताई नेहमीप्रमाणे दाराजवळच्या स्टुलावर. टेबलावर काय झाकलं आहे असं आईंनी खुणेनं विचारलं, तर भाऊजींनी डोळे मिचकावले. धाकटीला वाटलं, केक असेल. साक्ष देवाला नकार देणारी आणि वर केक कापायचा.

पाळकसाहेबांनी प्रार्थनेला सुरुवात केली. त्यांची प्रार्थना लांब, पण गोड. त्यांनी थंडीबद्दल देवाचे आभार मानले, आजारी माणसांची नावं घेतली, आणि मध्येच थांबले.

"कुणी गुणगुणतंय का?" त्यांनी डोळे मिटूनच विचारलं. "चाल चांगली आहे. पण आमेननंतर म्हणा."

थोरल्या ताईंची मान झटकन वर आली. पण प्रार्थना चालू असताना उठायचं नाही, ही सवय जन्माची. त्या क्षणभर थांबल्या, आणि तेवढ्यात आमेन झालं आणि भाऊजी उभे राहिले.

"धाकटीनं बोलण्याआधी माझे दोनच शब्द," ते म्हणाले. आईंनी सुस्कारा सोडला. "बाहेर बघा. झाडं उघडी, माती कडक, सगळं कसं मेल्यासारखं. आणि माणूस म्हणतो, देवा, तू कुठे आहेस? तर देव म्हणतो, इकडे बघ!" त्यांनी टेबलक्लॉथ ओढला. "या पेटीत जीव झोपला आहे! वसंताची वाट बघत निवांत निजला आहे!"

"भाऊजी, हात लावू नका!" थोरल्या ताई म्हणाल्या.

पण झाकण उघडलं होतं.

आणि कुणी निजलेलं नव्हतं. हीटरच्या उबेनं माश्यांना वाटलं, आला की वसंत. त्या पेटीच्या कडांवर चढल्या, उडाल्या, दिव्याभोवती फिरल्या आणि खिडकीच्या काचेवर जाऊन आदळल्या. मधल्या ताईंनी किंचाळून टेबलक्लॉथ स्वतःच्याच डोक्यावर घेतला. भाऊजींच्या भुवईवर एक डसली. पाळकसाहेब विचारत होते, "काय झालं? काय झालं? कुणी सांगेल का?"

"कुणी हलू नका."

थोरल्या ताईंचा आवाज चढलेला नव्हता, पण खोली जागच्या जागी थांबली. त्यांनी झाकण परत बसवलं, पेटीच्या तोंडाशी रुमाल दाबला आणि एकेक सांगत गेल्या. हीटर बंद. दिवा बंद. पडदे ओढा, फक्त मधली एक फट ठेवा. खिडकी उघडायची नाही, बाहेर गेलेली परत यायची नाही. मधलं दार आणि मागचं दार उघडं टाका, थंडी आत येऊ द्या.

"मी पेटी बाहेर नेऊन ठेवतो ना," धाकटीचा नवरा म्हणाला. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं.

"आत्ता बाहेर नेलीस तर सगळ्या जातील. पांगल्या आहेत. हळूहळू गार पडलं तर पुन्हा एका जागी येतील. खोली थंड करायची."

"अहो, पण खोलीत आपण आहोत!" टेबलक्लॉथखालून मधल्या ताई म्हणाल्या.

"शाली घ्या."

सगळं घर शाली आणि कोट घेऊन अंधारात बसलं. मागच्या दारातून थंडी आत सरकत आली, आधी घोट्यांना, मग गुडघ्यांना लागली. पेटीबाहेर राहिलेल्या माश्या पडद्याच्या फटीतल्या उजेडाकडे गेल्या आणि तिथून गारठून एकेक करून खाली पडू लागल्या. थोरल्या ताई कागदाच्या पट्टीवर एकेक उचलत होत्या.

"धाकटे, तुझे हात शिवणाचे. ये इकडे," त्या म्हणाल्या.

धाकटी खिडकीशी जाऊन गुडघ्यांवर बसली. ताईंनी तिच्या तळहातावर एक माशी ठेवली. पाय आखडलेले, पंख मिटलेले.

"ही गेली, ताई."

"कळायचंय अजून. मूठ कर. घट्ट नको. आणि तोंडानं वाफ दे."

"डसली तर?"

"तर डसली."

धाकटीनं मुठीत फुंकर घातली. एकदा, दोनदा, पुन्हा. काही झालं नाही. आणि मग तिच्या तळहातावर काहीतरी हललं, इतकं थोडं की भास वाटावा, आणि पुन्हा हललं. पानगळीनंतर तिच्या हातात जिवंत असं काही आलंच नव्हतं, हे तिला त्या क्षणी समजलं. ती रडू लागली, पण मूठ तिनं सोडली नाही. ताईंनी रुमाल बाजूला केला आणि माशी पेटीच्या तोंडातून आत चालत गेली.

अशा किती परत गेल्या कुणी मोजलं नाही. काही हातातच राहिल्या. बराच वेळ अंधारात फक्त फुंकरा ऐकू येत होत्या. आई उठून आल्या आणि धाकटीशेजारी फरशीवर बसल्या, त्यांचे गुडघे दुखत असताना. मग मधल्या ताई टेबलक्लॉथसकट आल्या.

"वहिनी," कोपऱ्यातून भाऊजींचा आवाज आला. कर्ण्यात इतका बारीक आवाज आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. "माझ्यामुळे गेल्या ना? मला वाटलं, झोपलेल्या असतील."

"थोड्या गेल्या. पेटी राहील बहुतेक." ताई म्हणाल्या. "त्या झोपत नाहीत, भाऊजी. सगळ्यांना तसंच वाटतं. हिवाळाभर जाग्या असतात. फुलं नाहीत, ऊन नाही, बाहेर पडायची सोय नाही. मग काय करतात, राणीला मध्ये घेऊन सगळ्या एकमेकींना चिकटून गोळा करून बसतात, आणि अंग थरथरवत राहतात. ते तुम्ही ऐकता ना, गुंजन, ते तेच. ऊब तयार करत असतात. बाहेरच्या बाजूला असतात त्या गारठतात, मग त्या आत सरकतात आणि आतल्या बाहेर येतात. एकीनंच सगळा वेळ बाहेर राहायचं असं नसतं."

"बाई, ही साक्ष आहे का?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"नाही, पाळकसाहेब. माझा नंबर नाही."

"नसू दे. पुढे बोला."

अंधार नसता तर त्या बोलल्या नसत्या असं धाकटीला पुढे नेहमी वाटत राहिलं. "हे गेले त्यानंतरचा हिवाळा," ताई म्हणाल्या. "मी चर्चमध्ये येऊन बसायचे, पण माझ्या तोंडून एक शब्द निघायचा नाही. ना गाणं, ना प्रार्थना. आई माझ्या शेजारी बसायच्या आणि गाणं सुरू झालं की त्यांच्या वाटचं म्हणून झाल्यावर माझ्या वाटचंही म्हणायच्या. दुप्पट मोठ्यानं. बेसूर."

"बेसूर काय," आई पुटपुटल्या.

"बेसूरच, आई. पुढच्या बाकावरची माणसं वळून बघायची. मला वाटायचं, मी देवाच्या बाहेर पडले. दाराबाहेर उभी आहे आणि ही सगळी आत आहेत. खूप दिवसांनी पेट्या बघता बघता कळलं की उलटं होतं. मी आत होते. तुम्ही सगळे बाहेरच्या बाजूला होतात, थंडी अंगावर घेत. प्रभूची मंडळी म्हणजे काय ते मला त्या हिवाळ्यात समजलं, वसंतात नाही." त्यांनी हातातला कागद खाली ठेवला. "एवढंच."

कुणी आमेन म्हटलं नाही. पाळकसाहेब थोड्या वेळानं म्हणाले, "प्रभूच्या मरणाच्या शुक्रवारवर मी जन्मभर उपदेश केला, पुनरुत्थानाच्या रविवारवर केला. मधल्या शनिवारवर कधी केला नाही. प्रभू थडग्यात होता आणि बाहेर कुणालाच काही माहीत नव्हतं. तो दिवसही त्याचाच होता की." ते कुणाशी बोलत होते कळत नव्हतं. बहुतेक स्वतःशीच.

धाकटी फरशीवरून उठली. पाय बधिर झाले होते. आज जे असेल ते, असं ताई म्हणाल्या होत्या.

"माझा नंबर आहे," ती म्हणाली.

"अगं, राहू दे ना आता," नवरा म्हणाला.

"माझ्याजवळ वसंत नाही," ती म्हणाली. "भाऊजी, तुमच्यासारखं मला बोलता येणार नाही. पानगळीपासून मी एकदाही प्रार्थना केलेली नाही. डोळे मिटते, मान खाली घालते, ते तुम्हाला बरं वाटावं म्हणून. या घरात तुम्ही सगळे झाडात, पानात, दंवात देव बघता. मला ते इतकं आवडायचं की मी रात्री पडल्या पडल्या त्याच गोष्टी पुन्हा आठवायचे. आता मला पान दिसतं, आणि पानच दिसतं. मी आज सांगणार होते की माझा नंबर काढून टाका. मी खोटं बोलून इथे बसू शकत नाही."

अंधारात मधल्या ताईंचा हुंदका ऐकू आला. धाकटी उभीच होती. तिला वाटलं, झालं. आता दिवे लागतील, चहा होईल, आणि उद्यापासून सगळे माझ्याशी फार गोड बोलतील.

"बस इथे," आई म्हणाल्या.

ती बसली. आईंनी आपली अर्धी शाल तिच्या अंगावर ओढली. शालीला त्यांच्या औषधाच्या मलमाचा वास होता.

"प्रार्थना आम्ही करू. एवढी माणसं आहोत. या हिवाळ्यात ते तुझं काम नाही," आई म्हणाल्या. "थोरलीनं काय सांगितलं ऐकलंस ना? तुझा नंबर आतला आहे. तो कुणी काढत नसतं."

धाकटीला देव दिसला असं म्हटलं तर ते खोटं होईल. खोली तशीच थंड होती आणि तिच्या मनात प्रार्थनेचा एक शब्दही आला नाही. पण तिच्या एका बाजूला आईंचं हाडकुळं अंग होतं, दुसऱ्या बाजूला थोरल्या ताईंचं, आणि त्या दोघींमध्ये तिला खरोखर ऊब लागत होती. एवढं तिला नाकारता येईना, आणि नाकारायची इच्छाही होईना.

"आणि आता मला एक सांग," आई म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम वेगळा आला, म्हातारा. "ती कशी होती?"

"कोण?"

"माझी नात. मी पोचले तोवर तिला नेलं होतं. मी तुला विचारलं नाही, तुला त्रास होईल म्हणून. रोज मनात येतं, कशी असेल, कुणावर गेली असेल. तू बघितलीस तिला. मला सांग."

धाकटी आईंकडे वळली. "कपाळ तुमचं होतं, आई. अगदी हेच, मोठं. केस काळे, ओले, मानेवर वळलेले. नखं इतकी लहान, पण पूर्ण, एकेक कापून बसवल्यासारखी. आणि तिनं जांभई दिली. माझ्याकडे बघितलं आणि मोठी जांभई दिली."

"माझी साक्ष ऐकून आली असेल," भाऊजी घोगऱ्या आवाजात म्हणाले.

आईच आधी हसल्या. त्यांच्या मागून मधल्या ताई, रडता रडता. पाळकसाहेबही हसले, उशिरानं का होईना. आणि धाकटी हसली. मुलीबद्दल बोलता बोलता हसता येतं, हे तिला माहीतच नव्हतं.

"आणखी सांग," आई म्हणाल्या.

"तिचा एक कान वरून दुमडलेला होता. उजवा. जरासा, पानाची कड वळते तसा."

"डावा."

नवरा अंधारात उभा राहिला होता. पानगळीपासून त्यानं मुलीबद्दल एक शब्द उच्चारलेला नव्हता, आणि आता त्याचा आवाज इतका कापत होता की तो त्याचा आहे हे ओळखायला धाकटीला एक क्षण लागला.

"उजवा नव्हे, डावा," तो म्हणाला. "तू तिला छातीशी धरली होतीस, तो कान माझ्या बाजूला होता. मी बोटानं सरळ करून बघितला. सोडला की परत दुमडायचा." आईंनी शालीचं दुसरं टोक त्याच्यासाठी उचलून धरलं, पण तो बसला नाही. या घरात साक्ष उभं राहूनच द्यायची असते.

"पाळकसाहेब," तो म्हणाला, "माझा नंबर नाही. पण मीही तिला पाहिलंय. मला सांगायचंय."